नोंदवही मागा: पुण्यातल्या दिव्यांग सेवांवर नागरिकांनी लक्ष कसं ठेवावं

दिव्यांगांच्या निवासी संस्थेत पाहुणे आले की त्यांना स्वच्छ फरशी, मुलांनी रंगवलेल्या पणत्या आणि देणगीदारांच्या नावांची पाटी दाखवली जाते. पाहुणे खाऊ वाटतात, फोटो काढतात, अभिप्रायाच्या वहीत 'स्तुत्य कार्य' लिहून निघतात. तिथं राहणाऱ्या माणसाला राग अनावर झाला, त्यानं डोकं भिंतीवर आपटायला सुरुवात केली, तर पुढच्या दहा मिनिटांत संस्था काय करते, हे कोणी विचारत नाही. सेवेचा कस लागतो तो त्या दहा मिनिटांत. ती कशी तपासायची, पुण्यात त्यासाठी कुठं जायचं आणि हातात कुठले कागद हवेत, ते इथं क्रमानं सांगते. माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे आणि आता चाळिशीकडे झुकलाय. त्यामुळे हा विषय माझ्या घरातलाच आहे.

त्या दहा मिनिटांत वापरायची पद्धत म्हणजे सकारात्मक वर्तन साहाय्य. ती काय, ते आधी थोडक्यात. ज्याला बोलून सांगता येत नाही, तो वागण्यातून सांगतो. कुणी चावतो, कुणी कपडे फाडतो, कुणी स्वतःला मारून घेतो. त्यामागे बहुतेक वेळा चारपैकी एक कारण असतं: एखाद्या कामातून किंवा गोंगाटातून सुटका हवी असते, कुणीतरी जवळ यावं असं वाटत असतं, एखादी वस्तू हवी असते, किंवा शरीराला त्या संवेदनेचीच गरज असते. याही आधी दुखणं तपासायचं असतं. दाढ, कान, बद्धकोष्ठता, पाळीतली पोटदुखी, फिट्स यांपैकी काही असेल तर वर्तनाचा आराखडा करण्याआधी डॉक्टर गाठायचा. मग आजूबाजूची परिस्थिती बदलायची, तीच गोष्ट मागण्याचा दुसरा मार्ग शिकवायचा आणि तो वापरला की लगेच दाद द्यायची. हातपाय धरून ठेवणं हा जिवावर बेतल्यावरचा, काही क्षणांपुरता उपाय. बांधणं, कोंडणं, जेवण तोडणं हे साहाय्यात बसतच नाही.

यावर बाहेरच्या माणसांनी लक्ष का ठेवायचं, असं कुणी विचारलं तर पुणेकरांनी १९९४ साल आठवावं. त्या वर्षी फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या बौद्धिक दिव्यांग मुलींवर ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. कारण सांगितलं गेलं ते पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचं. संस्था सरकारी, रुग्णालयही सरकारी. महिला संघटनांनी आवाज उठवला तेव्हाच हे थांबलं. पाळीची स्वच्छता शिकवता येते, त्यासाठी चित्रं असतात, सराव असतो, धीर धरणारी मावशी असते. त्या शिकवण्याची जागा शस्त्रक्रियेनं घेतली आणि ते बाहेरच्यांनी विचारेपर्यंत चालून गेलं.

पहिलं काम: संस्था कुठल्या कायद्याखाली येते ते पाहा

हे कंटाळवाणं वाटतं, पण इथं घोळ झाला की पुढचे सगळे अर्ज चुकीच्या टेबलावर जातात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. दिव्यांगांचा सांभाळ, शिक्षण, प्रशिक्षण किंवा पुनर्वसन करणाऱ्या खासगी संस्थेला त्याच्या कलम ५० नुसार नोंदणी प्रमाणपत्र घ्यावंच लागतं. त्याची प्रत संस्थेत सहज दिसेल अशा जागी लावायची असते. आत गेल्यावर आधी ती भिंत शोधा आणि प्रमाणपत्राचा क्रमांक व मुदत लिहून घ्या. मुदत संपली असेल तर पहिला प्रश्न तिथंच मिळाला. सरकार स्वतः चालवतं त्या संस्थांना हे प्रमाणपत्र लागत नाही, पण हक्कांची बाकीची कलमं त्यांनाही लागू आहेत.

राहणारी मुलं अठराच्या आतली असतील आणि संस्था बालगृह म्हणून नोंदलेली असेल, तर बाल न्याय अधिनियम २०१५ येतो. त्याच्या कलम ५४ नुसार तपासणी समितीनं दर तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची असते. पथकात निदान तीन जण, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी असायला हवा. शेवटची भेट कधी झाली आणि अहवालात काय लिहिलं, हे जिल्हा बाल संरक्षण कक्षाला विचारता येतं.

मनोरुग्णालय, मानसिक आजारांचं नर्सिंग होम किंवा तशा रुग्णांची निवासी संस्था असेल तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ लागू होतो. या विषयावर आपल्याकडचा सगळ्यात स्पष्ट कायदा हाच. कलम ९५ नुसार कुठल्याही प्रकारे साखळदंडानं बांधायला बंदी आहे. कलम ९७ नुसार एकांतात कोंडता येत नाही. शारीरिक बंधन घालायचं तर तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्ग उरलेला नसावा आणि त्याला मनोविकारतज्ज्ञाची मंजुरी असावी. ते शिक्षा म्हणून घालता येत नाही, माणसं कमी आहेत म्हणूनही नाही. कसं, का आणि किती वेळ बांधलं याची नोंद ठेवायची, रुग्णानं नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं आणि अशा सगळ्या प्रसंगांचा अहवाल दर महिन्याला मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला द्यायचा.

आता यातली फट बघा. या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत बौद्धिक दिव्यांगत्व येत नाही. म्हणजे पंचवीस वर्षांच्या बौद्धिक दिव्यांग तरुणाला एखाद्या वसतिगृहात बांधून ठेवलं, तर बाल न्याय कायद्याची त्रैमासिक भेट त्याच्यासाठी नाही आणि पुनर्विलोकन मंडळाचा मासिक अहवालही नाही. त्याच्या पाठीशी उरतात ती २०१६ च्या कायद्यातली छळ आणि अत्याचारापासून संरक्षणाची कलमं ६ आणि ७. ती भक्कम आहेत, पण कुणीतरी तक्रार केल्यावरच जागी होतात. नागरिकांच्या गटाची सगळ्यात जास्त गरज आहे ती या अठरा ओलांडलेल्या माणसांना.

आणखी दोन गोष्टी याच वेळी उरकून घ्या. विशेष शिक्षक, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, वाचा-श्रवण तज्ज्ञ यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत असावी लागते. त्यांचा क्रमांक मागा आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळा. दुसरी गोष्ट पालकांसाठी. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडील कायद्यानं आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व किंवा बहुदिव्यांगत्व असेल तर राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. ते पत्र हातात असलं की फाईलची प्रत मागताना कुणी 'तुमचा काय संबंध' म्हणू शकत नाही.

गट बांधा, मग पत्र द्या

एकटा पालक गेला की तो 'कटकटी पालक' ठरतो. चार-पाच जणांचा गट करा. त्यात स्वतः दिव्यांग असलेली एक तरी व्यक्ती असू द्या, एक निवृत्त विशेष शिक्षक किंवा परिचारिका आणि ज्यांचं कुणीच तिथं राहत नाही असा एक तटस्थ नागरिक. वकील असला तर उत्तम, पण पहिल्या भेटीत त्यांना पुढं करू नका.

संस्थेला साधं पत्र लिहा: आम्ही दर तीन महिन्यांनी एकदा येऊ, दोन तास थांबू, फोटो काढणार नाही, राहणाऱ्यांची नावं बाहेर सांगणार नाही, निरीक्षणं आधी तुम्हालाच लेखी देऊ. पोच घ्या. खासगी संस्थेत शिरण्याचा हक्क कुठल्याही नागरिकाला आपोआप मिळत नाही, म्हणून परवानगी मागायचीच. चांगली संस्था बहुधा हो म्हणते. नकार मिळाला तर तोही लेखी मागा, कारण पुढं राज्य दिव्यांग आयुक्तांकडे जाताना तो कामाला येतो.

भेटीत काय पाहायचं

सकाळी अकराला गेलात तर सगळं छान दिसेल. संध्याकाळी चहाच्या आधी जा, किंवा रविवारी दुपारी. त्या वेळी माणसं कमी असतात, राहणारे कंटाळलेले असतात आणि कामाचा खरा ताण दिसतो.

खोल्यांच्या दारांना बाहेरून कडी आहे का, ते पाहा. असेल तर ती कधी लावतात ते विचारा. खाटेच्या कडेला, खुर्चीच्या हातांना ओढणी किंवा पट्टा बांधल्याचे घासलेले वण दिसतात का? आतून बंद करता येईल असं स्वच्छतागृह आहे का? दिनक्रम चित्रांत लावलाय का आणि तो राहणाऱ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आहे का? न बोलणाऱ्या माणसाकडे 'नको', 'दुखतंय', 'बाहेर जायचंय' हे सांगायला काही कार्ड, वही किंवा टॅब आहे का, की तो कपाटात कुलूपबंद? आमच्या गटाला एका संस्थेत ही कार्डं अगदी कोरी करकरीत मिळाली, प्लास्टिकचं आवरणही न काढलेली. तपासणीसाठी आणून ठेवली होती. वापरातल्या कार्डांचे कोपरे दुमडलेले असतात, त्यांवर वरण सांडलेलं असतं.

राहणाऱ्यांशी बोला. त्यांच्या शेजारी बसा, घाई करू नका. कर्मचारी थोडे लांब असतील असं बघा, पण कुणाला खोलीत एकटं नेऊन प्रश्नांची सरबत्ती करू नका.

आणि आता नोंदवही

सगळी मेहनत इथं घ्यायची. पालकाच्या संमतीनं, नावं झाकून, तीन कागद मागा: प्रसंगांची नोंदवही, एखाद्या व्यक्तीचा वर्तन साहाय्य आराखडा, आणि औषधांचा तक्ता.

नोंदवहीत बऱ्याचदा असं सापडतं: 'आज दुपारी खूप हायपर झाला. ऐकत नव्हता. समज देऊन शांत केले.' यातून काहीच कळत नाही. 'समज देऊन' या दोन शब्दांत काय काय बसू शकतं याचा विचार केला की झोप उडते.

नोंद कशी हवी ते बघा: 'मंगळवार, दु. १२.१०. जेवणघर. रांगेत सात मिनिटं उभा. कुकरची दुसरी शिट्टी झाल्यावर कान झाकले, दोनदा “घरी” म्हणाला, मग शेजारच्याचं ताट उडवलं. मावशींनी व्हरांड्यात नेलं, कानाला हेडफोन दिला. चौथ्या मिनिटाला शांत. हात धरावा लागला नाही. व्हरांड्यात पूर्ण जेवला. आईला सं. ५ वाजता फोन.'

आधी काय घडलं, त्यानं काय केलं, नंतर काय झालं, हे तिन्ही यात आहे. वाचणाऱ्याला लगेच कळतं की याला रांगेत उभं करायचं नाही, स्वयंपाकघराच्या लांब बसवायचं आणि 'बाहेर' हे कार्ड जेवणघरातच त्याच्या हाताशी ठेवायचं. मग आराखडा उघडा आणि हे तीन बदल त्यात आले का ते पाहा. नोंदींच्या तारखा पुढं सरकताहेत आणि आराखडा मात्र दोन वर्षांपूर्वीचा, जसाच्या तसा, असं असेल तर आराखडा फक्त फाईलसाठी आहे.

जिथं माणसाला धरावं लागलं तिथं नोंदीत आणखी काही हवं: कुणी धरलं, कसं धरलं, किती वाजता सुरू आणि किती वाजता संपलं, त्याआधी काय करून पाहिलं, इजा झाली का, घरी कधी कळवलं, आणि पुन्हा वेळ येऊ नये म्हणून काय बदललं. पालथं पाडून पाठीवर दाब दिल्याचं कुठं दिसलं तर भेट तिथंच थांबवून व्यवस्थापनाशी बोला. त्यात श्वास कोंडून माणूस दगावू शकतो.

वर्षभरात एकही प्रसंग नाही अशी कोरी वही मिळाली तर हुरळून जाऊ नका. चाळीस माणसं एका छताखाली राहतात आणि वर्षभर कुणाला राग आला नाही, असं होत नाही. ते कुणी लिहिलं नाही, इतकंच. ज्या वहीत भरपूर आणि नेटक्या नोंदी आहेत, त्या संस्थेवर मी जास्त विश्वास ठेवीन. हे संस्थाचालकांनाही मोकळेपणानं सांगा, नाहीतर तपासणीच्या भीतीनं नोंदी आटतात.

नोंदी वार आणि तासाप्रमाणे मांडून पाहा, साध्या चौकटीच्या कागदावरही जमतं. बहुतेक खुणा रविवारी दुपारी पडल्या तर कारण राहणाऱ्यांत शोधू नका, रविवारचा हजेरीपट मागा. रात्री पंधरा-वीस जणांमागे एकच काळजीवाहक, तीही बारा तास उभी, असं असेल तर तिच्याकडून शांतपणाची अपेक्षा करणं अन्याय आहे. तिचा पगार, साप्ताहिक सुट्टी आणि तिला मिळालेलं प्रशिक्षण हे लक्ष ठेवण्याचेच विषय आहेत. तिला मार बसला तर उपचार कोण करतं, तेही विचारा.

औषधांच्या तक्त्यात एवढंच पाहा: डॉक्टरांची चिठ्ठी आहे का, शेवटचा फेरविचार कधी झाला, आणि 'लागेल तेव्हा द्या' असं लिहिलेलं गुंगीचं औषध महिन्यात किती वेळा दिलं गेलं. चिडचिड कमी करायला देतात त्या रिस्पेरिडोनसारख्या औषधानं वजन वाढतं, म्हणून वजनाचा तक्ता सोबत हवा. डोस बदलण्याचा सल्ला मात्र गटानं देऊ नये, ते काम डॉक्टरांचं.

माहितीचा अधिकार आणि सोमवारची दुपार

संस्थेनं दार उघडलं नाही तरी सरकारी दप्तर उघडता येतं. अनुदानित विशेष शाळा आणि कार्यशाळांसाठी जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे जा. राज्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, ही आपली मोठी सोय. बाहेरगावच्या पालकांना एका अर्जासाठी रात्रभर एसटीनं यावं लागतं.

अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. महाराष्ट्राच्या नियमानुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत हवा, म्हणून पाल्हाळ नको. मागायचं ते असं: अमुक संस्थेच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, मागच्या तीन वर्षांतले तपासणी अहवाल, त्यांत दाखवलेल्या त्रुटींवर झालेली कार्यवाही, मंजूर आणि भरलेली पदं. 'का' आणि 'कसे' असे प्रश्न घालू नका, कागद मागा. राहणाऱ्यांची वैयक्तिक माहिती मागू नका, ती मिळणार नाही आणि मिळूही नये. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे.

याहून सोपी वाट पुण्यानंच घालून दिली आहे. पुणे महापालिकेत नागरिकांना सोमवारी दप्तर पाहू देण्याची पद्धत सुरू झाली आणि २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयानं ती राज्यभरच्या जिल्हास्तरीय कार्यालयांना आणि स्थानिक संस्थांना लागू केली: दर सोमवारी दुपारी ३ ते ५. निघण्याआधी फोन करा, शासन निर्णयाची प्रत सोबत ठेवा. महापालिकेत दिव्यांगांसाठीच्या पाच टक्के निधीची फाईलही पाहून घ्या, वर्तन साहाय्याचे आराखडे आणि प्रशिक्षण यांवर त्यातले किती पैसे गेले ते कळतं. ट्रस्टचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात मिळतात. त्यांत पगार, आहार आणि वैद्यकीय खर्च या तीन ओळी बघितल्या तरी बरंच समजतं.

काही गंभीर दिसलं तर

जीव धोक्यात असेल तर ११२, अठराच्या आतलं मूल असेल तर १०९८. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. तिथं 'आधी संस्थेशी बोलून बघू' हा पर्यायच नाही.

मारहाण, उपाशी ठेवणं, कोंडणं यासाठी कलम ७ वापरा. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार झाला, होतोय किंवा होण्याची शक्यता आहे, असं वाटण्यास कारण असलेली कुणीही व्यक्ती किंवा नोंदणीकृत संघटना कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकते. नातेवाईक असण्याची गरज नाही. तहसीलदार किंवा उपविभागीय दंडाधिकारी कार्यालयात अर्ज देऊन पोच घ्या. कलम ९२ नुसार ताब्यातल्या दिव्यांग व्यक्तीला जाणूनबुजून अन्नपाणी नाकारणं किंवा तिच्या साहाय्यक साधनाची हानी करणं हा सहा महिने ते पाच वर्षं कैदेचा गुन्हा आहे. ओरडतो म्हणून संवादाचा टॅब फोडला, तर ते यातच येतं.

पुरावा लगेच जपा. जखमेचा तारखेसह फोटो, सरकारी रुग्णालयातला तपासणीचा कागद, आणि त्या व्यक्तीनं जे सांगितलं किंवा खुणेनं दाखवलं ते तिच्याच शब्दांत लिहिलेलं. तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू नका, साक्ष कमकुवत होते आणि माणूस कोलमडतो. दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा, किंवा १५१०० वर फोन करा.

राज्य दिव्यांग आयुक्तांकडे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांच्या शिफारशीवर संबंधित यंत्रणेनं तीन महिन्यांत कार्यवाही कळवायची, मान्य नसेल तर कारणं द्यायची. ही मुदत दिनदर्शिकेवर लिहून ठेवा आणि संपली की स्मरणपत्र द्या.

आपल्याकडे काय मागायला हवं

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात एका सरकारी केंद्रात बौद्धिक दिव्यांगांना बेड्या घालत. पालकांनी खटला भरला, २०११ मध्ये तडजोड झाली आणि २०१५ पासून तिथं सकारात्मक साहाय्याचा स्वतंत्र नियम आला. परवानाधारक संस्थेत संकटकाळी कुणाला धरलं तर त्याचा अहवाल राज्याकडे जातो आणि संस्थेबाहेरच्या तज्ज्ञांची समिती तो तपासते. आपल्याकडे २०१६ च्या कायद्यात कलम ७२ नुसार जिल्हास्तरीय समिती आहे, आणि कलम ४८ मध्ये योजनांच्या सामाजिक लेखापरीक्षणाची तरतूद आहे. पुणे जिल्हा समितीनं बौद्धिक दिव्यांगांच्या प्रत्येक निवासी संस्थेकडून बंधनाच्या प्रसंगांचा मासिक तक्ता मागवावा, ही मागणी आजच्या कायद्यात बसणारी आहे. मनोरुग्णालयांना जे दर महिन्याला द्यावं लागतं, तेच इथं. ती समितीकडे लेखी मांडा.

पालकांची खरी अडचण मला ठाऊक आहे. बोललो तर मुलाला काढून टाकतील, आणि दुसरी जागा मिळणार नाही. ही भीती खोटी नाही, म्हणून पत्रं नेहमी गटाच्या नावानं जाऊ द्या आणि त्यांवर तिथं कुणीच राहत नाही अशा सदस्याची सही पहिली असू द्या. एका मुलाचा प्रसंग मांडण्याऐवजी नोंदवहीतला सगळ्यांचा तक्ता मांडा. आयुक्तांना स्वतःहून चौकशी करण्याचा अधिकार आहे, तेव्हा अर्जात तक्रारदार पालकाचं नाव न घालता चौकशीची विनंती करता येते. आणि तरीही कुणाला घरी पाठवण्याची भाषा झाली, तर ती तोंडी राहू देऊ नका. त्याच संध्याकाळी ईमेल करा: 'आज आपण अमुक वाजता असं म्हणालात, हे बरोबर आहे का?' प्रत आयुक्तालयाला.